बाहुलीवर शिकलेला डॉक्टर चालेल का?

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर सांगते आज बाहुलीवर सीपीआर (हृदय थांबलं की छाती दाबतात ते) केलं, आज रबरी हातावर सुई लावली. आता म्हणे डोळ्यांसमोर आभासी पेशंट दाखवणारे व्हीआर गॉगल पण येणारेत. आधीचे डॉक्टर वॉर्डात पेशंट बघून तयार झाले, मग ही मुलं खरा पेशंट समोर आला की काय करणार?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, काळजी समजते, पण आधी माझंच सांगतो. इंटर्नशिपला मी पहिल्यांदा सलाईनची सुई लावली ती एका आजींना, तीनदा टोचलं, तिन्ही वेळा शीर फुटली, हात काळानिळा झाला आणि त्या बिचाऱ्या मलाच म्हणतायत, "सावकाश कर रे बाळा". ते तीन प्रयत्न रबरी हातावर व्हायला हवे होते, हे मला आजही टोचतं.

आणि बाहुलीवरचं सीपीआर सोपं नाही हो. छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दरवेळी पूर्ण वर आली पाहिजे. दोन मिनिटांत खांदे भरून येतात, दाब कमी पडायला लागतो आणि करणाऱ्याला पत्ताही नसतो, म्हणूनच दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. नॉर्वेत खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेर्दाल यांनी 1960 मध्ये ही बाहुली आणली, आता तर दाब कुठे कमी पडला ते स्क्रीनवर लगेच दिसतं. जिवंत माणसावर हा सराव करताच येत नाही.

आपल्याकडे 2019 च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात अशा सरावाची खोली, म्हणजे स्किल लॅब आहेच. व्हीआर पण येईल, कुठल्या पायरीनंतर काय करायचं ते त्यात छान पक्कं होतं, पण शिरेत सुई शिरताना हाताला जे कळतं ते गॉगलमधून नाही कळत. आणि सगळं महागच लागतं असंही नाही, बाळंतपणातला रक्तस्राव शिकवायला मामानॅटली नावाचं साधं मॉडेल आहे, शिकवणारी सिस्टर ते पोटाला बांधते, स्वतःच बाळंतीण होते, कण्हते, घाबरते, आणि समोरच्या मुलींना तिच्याशी बोलत बोलत लाल पाण्याची धार थांबवायची असते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. बाहुल्या विकत घेतात, पण सराव झाल्यावर मुलांबरोबर अर्धा तास बसून काय चुकलं, का चुकलं हे बोलायला शिक्षकाला वेळच नसतो, आणि खरं शिक्षण तर तिथेच होतं. पुढची सगळी गुंतवणूक माझ्या मते शिक्षकांत व्हावी.

तेव्हा मुलीला विचारा, सराव झाल्यावर सर थांबतात का? नसतील तर तिने हक्काने थांबवावं. वॉर्ड पोस्टिंग तर अजिबात बुडवू नये, बाहुलीला नातेवाईक नसतात, भीती नसते. आणि सुट्टीत घरी आली की जमिनीवर जाड उशी ठेवून तुम्हाला दोघांना सीपीआर शिकवायला सांगा.