तामागोच्ची: अंडं आणि घड्याळ

तुम्ही विचारलंय की तामागोची, म्हणजे स्क्रीनवरचं पिल्लू सांभाळायचं ते अंड्याच्या आकाराचं जपानी खेळणं, या नावाचा उच्चार कसा करायचा आणि खरा अर्थ काय, कारण एकीकडे तुम्हाला ‘अंडं आणि मित्र’ असं वाचायला मिळालं आणि दुसरीकडे ‘अंडं आणि घड्याळ’. घड्याळवालं बरोबर आहे. मी पुण्यात काही वर्षं जपानी शिकले आणि लहानपणी हे खेळणं माझ्याकडे होतं, मामाने जपानहून आणलेलं, त्यामुळे प्रश्न बघून राहवलं नाही, जरा सविस्तरच लिहिते.

‘तामागो’ म्हणजे अंडं, साधं कोंबडीचं अंडं. जपानी हॉटेलात तामागोयाकी नावाचं गोडसर, गुंडाळी केलेलं ऑम्लेट मिळतं, त्यातलंच हे तामागो. या शब्दाच्या पोटात अजून दोन शब्द आहेत, ‘तामा’ म्हणजे गोळा किंवा मणी आणि ‘को’ म्हणजे मूल. जोडताना को चा गो होतो, आपल्याकडे दिक् आणि अंबर मिळून दिगंबर होतं ना, तसंच कानाला लागतं ते. खायचं अंडं लिहिताना जपानी लोक बरेचदा हीच दोन चिन्हं काढतात, एक गोळ्याचं, एक मुलाचं, आणि मला हे इतकं गोड वाटलं होतं की वहीत पानभर तेच गिरवलं होतं.

आता पुढचा भाग, ज्याच्यावरून सगळा घोळ होतो. इंग्रजी वॉच जपानीत गेला की त्याचा ‘वोच्ची’ होतो, कारण जपानीत शब्दाच्या शेवटी नुसता च ठेवता येत नाही, त्याला स्वर लागतोच. मग तामागो आणि वोच्ची जोडलं, मधला वो गळाला, झालं तामागोच्ची. शब्द असे कापून चिकटवायची तिथे सवयच आहे, पॉकेट मॉन्स्टरचं पोकेमॉन झालं, रिमोट कंट्रोलला ते रिमोकोन म्हणतात.

मित्राला जपानीत ‘तोमोदाची’ म्हणतात आणि त्याच्याही शेवटी ची आहे म्हणून लोकांनी ते जोडून टाकलं, खेळणंच असं जीव लावणारं की तो अर्थ पटतोही लगेच. पण नाव जपानी लिपीत लिहून बघा. ता, मा, गो, मग एक बारकुसं त्सु, मग ची. हे छोटं त्सु वाचायचं नसतं, तिथे क्षणभर थांबून पुढचं अक्षर दुप्पट करायचं असतं, आपण ‘कच्ची कैरी’ म्हणताना च वर जीभ अडकते तसं. तोमोदाचीमध्ये हे छोटं त्सु कुठेच नाही, वोच्चीमध्ये आहे. मला तरी यापेक्षा भक्कम पुरावा नको.

अंड्याला घड्याळ कशाला, असं वाटेल. ही कल्पना विझ नावाच्या कंपनीचे आकिहिरो योकोई आणि बांदाई कंपनीच्या आकी माइता यांची, आणि सुरुवातीला ते मनगटावर बांधायचं घड्याळच असणार होतं. २३ नोव्हेंबर १९९६ ला जपानमध्ये विक्रीला आलं तेव्हा मात्र साखळीला लटकवायचं अंडं झालं होतं. घड्याळ आत राहिलंच. माझं पहिल्यांदा चालू केलं तो प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे, मागची प्लास्टिकची पट्टी ओढली, स्क्रीनवर अंडं हलायला लागलं, आणि सगळ्यात आधी वेळ लावायला लागली. वेळ लावली नाही तर अंडं नुसतं हलत राहतं. लावली की पाचेक मिनिटांत फुटतं आणि काळा गोळा बाहेर येतो, आणि त्या पाच मिनिटांत मी आईला स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली होती. मधलं बटण दाबलं की तीच वेळ दिसायची, आणि पिल्लाचं वयही त्याच घड्याळावर, आपला एक दिवस म्हणजे त्याचं एक वर्ष.

अजून एक गंमत. जपानी पोरं मित्रांची नावं लाडाने छोटी करून पुढे ‘च्ची’ लावतात, आपण मन्या, बंड्या करतो तसं. त्यामुळे च्ची घड्याळातून आलेलं असलं तरी जपानी कानाला ते लाडाचंच लागतं, आणि आतल्या सगळ्या प्राण्यांची नावं त्याच्यावरच बेतलीत. मामेच्ची, मामे म्हणजे शेंगेतला दाणा. कुचिपाच्ची, कुचि म्हणजे तोंड, आणि त्याला खरंच बदकासारखी मोठी चोच आहे. ताराकोच्ची, ताराको म्हणजे माशाची गाबोळी, ओठ बघा म्हणजे कळेल. ओयाजिच्ची, ओयाजी म्हणजे बाप किंवा मध्यमवयीन बाप्या, आणि त्याला मिशा आहेत.

उच्चाराचं विचारलंत ते राहिलंच. आपल्याकडे सगळे तमागोची म्हणतात, चालतं ते, पण जपानी माणसासमोर म्हणायचं असेल तर च नक्की डबल करा, तामागोच्ची, कच्चीतला.