ग्लासगोच्या हिवाळ्यात बाईक चालवायची तर जॅकेट कुठलं?

भावा, तू विचारलंस की नोव्हेंबरात ग्लासगोला रुजू व्हायचंय, गाडी तिथंच घेणार, मग रायडिंग जॅकेट कोल्हापुरात राजारामपुरीतनं घेऊन येऊ की तिथं घेऊ, आणि हीटेड लायनर (जॅकेटच्या आत घालायचं, विजेवर तापणारं अस्तर) खरंच लागतं का. व्हिसा, लायसन्स, सीबीटी (इथलं बाईकचं सुरुवातीचं सक्तीचं प्रशिक्षण) हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलंय, ते सोडतो.

जॅकेट तिकडून आणू नकोस. आपल्याकडं मिळतात ती बहुतेक मेशची, वारा आरपार जावा म्हणून केलेली. गगनबावड्याचा पाऊस कितीही झोडपू दे, घाट उतरून चहा घेतला की भागतं. इथं हिवाळ्यात ५ अंश आणि संततधार. ताशी ९० किलोमीटरला तेच अंगाला उणे ३ लागतं, भिजलास तर त्याहून वाईट. म्हणून आधी कोरडं राहायचं बघ, मग गरम.

वॉटरप्रूफ जॅकेटं दोन तऱ्हेची. स्वस्तातल्यात पाणी अडवणारा थर आत सुटा असतो. अंग कोरडं राहतं, पण बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, वाऱ्यानं ते वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं, आणि सकाळी कामावर निघताना ते अजून ओलंच असतं. लॅमिनेटेडमध्ये तो थर बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो, पाणी वरच्यावर ओघळून जातं. पैसे इथं घाल. लेबलवर ईएन १७०९२ (रायडिंग कपड्यांचं युरोपियन मानक) आणि निदान एए वर्ग बघ. जॅकेटच्या पाठीच्या खिशात पुष्कळदा नुसता फोम असतो. तुझ्याकडं ईएन १६२१-२ (पाठीच्या संरक्षणाचं मानक) लेव्हल २ चा बॅक प्रोटेक्टर असला तर तेवढा बॅगेत टाक. नुसत्या आयएसआयचं हेल्मेट इथं चालत नाही, ईसीई २२.०६ या मानकाचं इथंच घे. हेल्मेटवर व्हॅट नाही, जॅकेटवर २० टक्के आहे.

दुकानात आत लायनर घालून, गाडीवर बसून, हात हँडलला लावून माप बघ. कंबर उघडी पडता कामा नये, मनगट दिसता कामा नये. कोपरापेक्षा मनगट खाली असेल तर बाही ग्लोव्हच्या वरून घे, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी ग्लोव्हमध्ये साठतं. गळ्याला सुती रुमाल नको. त्याचं टोक बाहेर राहिलं की वातीसारखं पाणी आत खेचतं.

आता लायनर. लागतंच, आणि हीटेड ग्लोव्हजच्या आधी घे. छाती-पोट गार पडलं की शरीर हातांचं रक्त आखडतं, मग ग्लोव्हज कितीही तापव. लायनर अंगाबरोबर बसणारं हवं, आत पातळ मेरिनो लोकरीचा बनियन. उघड्या कातडीवर घालू नकोस, आर्मरखाली (जॅकेटमधल्या संरक्षक पॅडखाली) दाबलं जातं तिथं चटका बसतो. थंडी वाजायची वाट न बघता निघतानाच कमीवर चालू कर.

१२ व्होल्टचं लायनर फुलवर साधारण ९० वॉट खातं, म्हणजे साडेसात अँपिअर. ग्लोव्हज आणखी २५ वॉट. बॅटरीवरून थेट वायर घे, टर्मिनलजवळ १५ अँपिअरचा फ्यूज टाक. सीबीटीवर १२५ सीसीच मिळते आणि तिच्या अल्टरनेटरकडं (वीज बनवणाऱ्या भागाकडं) एवढी वीज शिल्लक नसते. सगळं चालू ठेवून ४ हजार आरपीएमला बॅटरीला मल्टिमीटर लाव. १३ व्होल्टच्या खाली आलं तर एक दिवस पार्किंगमध्ये गाडी उठणार नाही. अशा गाडीला स्वतःच्या बॅटरीवरचं ७ व्होल्टचं लायनर बरं, पण फुलवर ते दोनेक तासच टिकतं.

विम्याचं मात्र कुणी आधी सांगत नाही. आपला नो-क्लेम बोनस इथल्या बहुतेक कंपन्या धरत नाहीत. आंबोलीचा घाट भर जुलैत वर्षानुवर्षं चालवलेला माणूस आणि काल क्लच धरलेलं पोरगं, फॉर्मवर दोघंही शून्य वर्षं. माझा हा राग अजून गेलेला नाही. पैशापेक्षा ते शून्य जास्त लागतं. तरी तिकडच्या कंपनीकडून इंग्रजीत, लेटरहेडवर दाखला घेऊनच ये, एखादी धरते.

एकटेपणा येतो. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो तेव्हा जास्त. गाडी चालू राहिली तर निभतं, म्हणून तर एवढं लिहिलं.

रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं लायनरच्या वायरचे प्लग हिरवे पडतात. जोडणीला डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल अडवणारं, विजेच्या जोडणीचं ग्रीस) लाव. जॅकेट सॉफ्टनर घालून धुऊ नकोस, आणि लायनर घडी न घालता टांगून ठेव. आतली वायर तुटते ती घडीवरच.