विकास शुल्क वाढवल्याने लहान शहरात बागा होतात का?

तुम्ही विचारलंय की नगरपरिषद नव्या बांधकामांवरचं विकास शुल्क वाढवून बागा करणार आहे, त्यातली एक बाग कारखान्यांच्या नाल्यालगत दाखवली आहे, तर पाठिंबा द्यावा की हरकत घ्यावी. शुल्कवाढीला पाठिंबा द्या, नाल्याकाठच्या बागेला हरकत घ्या. दोन्ही लेखी.

एवढं लिहून थांबवत नाही. मी एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी केली आणि माझ्या डोळ्यांदेखत एक बाग गेली. विकास आराखड्यात ती जागा हिरवी रंगवलेली होती, म्हणजे बागेसाठी आरक्षित. जुनी चिंचेची झाडं होती, पोरं तिथे क्रिकेट खेळायची आणि अख्खा वॉर्ड ती जागा नगरपरिषदेचीच समजत होता. सातबारा मात्र खाजगी मालकाच्या नावावर. आरक्षण पडलं म्हणजे जमीन मिळाली असं होत नाही. आराखडा लागू होऊन 10 वर्षं उलटली की मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो: घ्या, नाहीतर सोडा. 2015 च्या दुरुस्तीपासून त्यावर हालचाल करायला 24 महिने मिळतात, आमच्या वेळी 12 मिळायचे.

मालकाने नोटीस दिली. त्याच्यावर माझा राग नाही. ज्याला इतकी वर्षं स्वतःच्या जमिनीवर काही करता आलं नाही, त्याने दुसरं काय करायचं? नोटीस आवक नोंदवहीत चढली, मी तिच्या कोपऱ्यात लाल शाईने मुदतीची तारीख लिहिली आणि टिपणी ठेवली, भूसंपादनासाठी निधीची तरतूद करावी. फाइल लेखा विभागातून शेरा घेऊन परत आली, ‘निधी उपलब्ध नाही’. पुन्हा पाठवली, पुन्हा तोच शेरा. आणि त्याच काळात शहरात धडाधड इमारती मंजूर होत होत्या, प्रत्येक परवानगीमागे विकास शुल्क जमा होत होतं. लेखापाल साहेबांचं म्हणणं, पैशाला रंग नसतो, तिजोरी एकच. त्या रकमेतून पथदिव्यांचं वीजबिल गेलं, ठेकेदारांची थकलेली बिलं गेली.

मुदत संपत आली तेव्हा सर्वसाधारण सभेने घाईने ठराव केला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडलं. सोबत एक रुपया भरला नाही. अशा पत्राला भूसंपादन म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्याच्या 2007 च्या निकालात सांगून ठेवलं होतं की नुसता ठराव आणि पत्रव्यवहार पुरत नाही, खऱ्या संपादनाचीच पावलं मुदतीत पडायला हवीत. आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं. आज तिथे इमारती आहेत.

ओरड झाली, तेव्हा पर्याय म्हणून नाल्याकाठची पट्टी पुढे आली. तुमच्याकडे आत्ता चाललंय तेच. पाहणीला मी गेले होते. ऐन एप्रिलात पावसाळी गटारातून जांभळट पाणी वाहत होतं, वर फेस. एप्रिलमध्ये पावसाळी गटारात पाणी आलं कुठून, हा पहिला प्रश्न तिथे कोणीच विचारला नाही. पट्टीवर भराव टाकलेला. मजुराला कुदळ मारायला सांगितलं तर वीतभर मुरमाखाली राखाडी, लोण्यासारखा मऊ थर निघाला. वास इतका उग्र की मजूर मागे सरकला. रासायनिक किंवा मुलाम्याच्या कारखान्यातल्या सांडपाणी प्रक्रियेचा गाळ म्हणजे कायद्याने घातक कचरा. तो आवारात 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रावर पाठवावा लागतो, प्रत्येक खेपेची मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद, भरावी लागते. त्याला पैसे पडतात. ते वाचवायचे असले की रात्री ट्रॅक्टर नाल्याकाठी रिकामे होतात.

मी अहवालात लिहिलं, मातीची तपासणी होईपर्यंत इथे बाग करू नये. समितीच्या सभापतींनी भर सभेत सुनावलं, “मॅडम, काहीच नसण्यापेक्षा बाग बरी.” तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी विषय पुढे नेला आणि माझं उत्तर राहून गेलं. ते असं आहे: नाही, बरी नाही. लहान मूल माती हातात घेतं, तोच हात तोंडात घालतं. खाली काय पुरलंय ते माहीत नसताना वर घसरगुंडी बसवण्यापेक्षा जागेला कुंपण घालून ती बंद ठेवावी. बाग झालीच. टँकरने पाणी घालूनही पहिल्या उन्हाळ्यात रोपं करपली आणि वाफ्यांमध्ये पांढरी खपली धरली. माती शेवटपर्यंत तपासली नाही.

तर तुम्ही हरकतीत काय मागायचं? विकास शुल्क वेगळ्या बँक खात्यात ठेवा, असं मागा. कोणत्या आरक्षणाची 10 वर्षं कधी भरतात याची यादी जाहीर करायला लावा आणि त्या क्रमाने भूसंपादनाची रक्कम बाजूला काढायला सांगा. उशीर परवडत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे दुप्पट, आणि बाजारभाव काही थांबून राहत नाही. पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ असं सांगतील, पण लहान शहरात तो विकत घेणारं गिऱ्हाईकच नसतं, म्हणून मालक तयार होत नाहीत. मोठ्या लेआउटमध्ये सोडावी लागणारी 10 टक्के मोकळी जागा आराखड्यातल्या बागेच्या बदल्यात मोजू देऊ नका. ती त्या लेआउटच्या रहिवाशांची.

शुल्क वाढलं की घरं महागतील, असं बिल्डर म्हणतील. माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसं आणून जो कमावतो, त्याने त्या माणसांच्या बागेचे पैसे द्यायलाच हवेत. हां, स्वतःपुरतं छोटं घर बांधणाऱ्यालाही हा भार बसतो, तेव्हा त्याला सवलत मागा.

आणि बाग ही कोणाच्या मर्जीवर द्यायची-काढायची गोष्ट आहे असं समजणाऱ्या सभापतींसाठी: बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रद्द ठरवली.

नाल्याचं पाणी बाटलीत भरून कचेरीत नेऊ नका, खटल्यात ते टिकत नाही. जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच रीतसर नमुना घ्यावा लागतो. तुम्ही तारीख-वेळेसह फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि नाल्यालगतच्या कारखान्यांना मंडळाने दिलेल्या संमतीपत्रांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. किती पाणी, कुठे आणि कसं सोडायचं ते त्यात लिहिलेलं असतं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा बीओडी 30 आणि सीओडी 250 मिलीग्रॅम प्रति लिटर अशी आहे. पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते ते हे दोन आकडे सांगतात; मंडळाचा अहवाल आला की तेवढे आधी बघा.

एक सांगायचं राहिलं. मी वकील नाही, कलम 127 चं प्रकरण कोर्टात गेलं तर वकील लागेलच. शिवाय ती पट्टी एमआयडीसीच्या हद्दीत येत असेल तर तिथलं नियोजन प्राधिकरण एमआयडीसी असतं, नगरपरिषदेकडे हरकत देऊन उपयोग नाही. आधी हद्दीचा नकाशा बघा, मग अर्ज एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, प्रत प्रदूषण मंडळाला, आणि दोन्हीकडून पोच घ्या.