मामांना युद्धाचा गेम द्यायचाय, पण कुठला?

प्रश्न: आमचे मोठे मामा ७४ वर्षांचे आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. दुसरं महायुद्ध म्हणजे त्यांचा जीव की प्राण, कारण आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढून आलेले, त्यामुळे लहानपणापासून तेच ऐकलेलं, घरात कपाटभर पुस्तकं आणि टीव्हीवर पण तेच. मामी गेल्यापासून संध्याकाळ त्यांना खायला उठते. बुद्धिबळ येतं, मेंढीकोट तर असा खेळतात की समोरच्याला पत्ता टाकायची भीती वाटते. माझा तेरा वर्षांचा मुलगा त्यांच्यासोबत बसायला तयार आहे. दुकानात गेले तर दुकानदाराने मोठ्ठा खोका पुढे केला, आत शेकडो बारीक चौकोनी तुकडे आणि जाडजूड रूलबुक. म्हणाला, इतिहास येतो ना त्यांना, मग जमेल. खरंच जमेल का? – एक भाची, सांगली

उत्तर: नाही जमणार, आणि तो खोका अजून घेतला नसेल तर फारच छान. इतिहास येणं वेगळं आणि गेमचे नियम येणं वेगळं. उलट ज्याला इतिहास पक्का येतो तो अवघड गेमवर लवकर वैतागतो, कारण त्याला नेमकं माहीत असतं की आपल्याला काय करायचंय, रणगाडे डावीकडून वळवायचेत, आणि गेम म्हणतो थांबा, आधी रसद मोजा, मग हा तक्ता बघा, मग तो आकडा वजा करा. तुम्हाला दाखवलेला प्रकार जुना आणि मानाचा आहे. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स नावाच्या माणसाने १९५४ साली अशा पद्धतीचा पहिला गेम विकायला काढला आणि पुढे त्याच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने पिढ्याच्या पिढ्या त्यावर वाढवल्या. पण तो अर्धा इंची पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर हल्ल्याचा एक आकडा, बचावाचा दुसरा, चालीचा तिसरा, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ट्यूबलाइटच्या उजेडात ते वाचायचं, वर एखादा तुकडा उचलताना बाजूचे चार हलले की झालं.

तुमच्या मामांसाठी मी डोळे झाकून ‘मेमॉयर ४४’ सांगेन. २००४ सालचा, दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या त्या नॉर्मंडीच्या स्वारीला साठ वर्षं झाली त्या निमित्ताने आलेला, रिचर्ड बोर्गने बनवलेला. दोन जण, एक डाव पाऊण ते एक तास. बोर्डवर मोठी षटकोनी घरं, त्यावर प्लास्टिकचे सैनिक, रणगाडे, तोफा, म्हणजे बघता क्षणी कळतं काय कुठे आहे. बोर्डचे तीन भाग, डावी बाजू, मधली आणि उजवी. हातात पत्ते असतात, पत्ता टाकायचा, त्यावर लिहिलेलं असतं की डावीकडच्या तीन तुकड्या हलवा किंवा मधल्या दोन, तेवढ्याच हलवायच्या, मग फासे टाकायचे. फाशांवर आकडे नाहीतच, चित्रं आहेत. पायदळाचं चित्र दोन बाजूंना, रणगाड्याचं एका, मग ग्रेनेड, झेंडा आणि तारा. पायदळावर गोळीबार केला आणि पायदळाचं चित्र पडलं की एक सैनिक गेला, झेंडा पडला की तुकडी मागे, ग्रेनेड म्हणजे कोणीही असो एक कमी, आणि साध्या माऱ्यात तारा पडला तर काही नाही. मोठी बेरीज-वजाबाकी नाही, तक्ता नाही. आणि हातात आहेत तेच पत्ते, त्यातूनच काय ते करायचं ही गंमत मेंढीकोटवाल्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही हो, उजवीकडे शत्रू फोडायची संधी आणि हातात सगळे डावीकडचे पत्ते, असं झालं की मामा जे बोलतील ते मुलाच्या कानावर पडू देऊ नका एवढंच.

आता मुख्य मुद्दा, पहिला डाव कुठला लावायचा. गेममध्ये एकेका लढाईची मांडणी दिलेली असते आणि पहिलीच आहे पेगासस ब्रिज, नॉर्मंडीतला एक पूल. तीच लावा. ५ आणि ६ जून १९४४ च्या मधल्या रात्री मेजर जॉन हॉवर्डचे ब्रिटिश सैनिक ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांतून, पुलाच्या अगदी जवळ उतरले आणि दहाएक मिनिटांत पूल ताब्यात. मामांना हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. त्यामुळे गेममध्ये जर्मन बाजूला सुरुवातीला इतके कमी पत्ते का मिळतात हे विचारायची वेळच येत नाही, झोपेत गाठले गेलेत ते, पत्ते कुठून असतील. पूल घेतला की पदक, म्हणजे जिंकायला लागणारा गुण, मिळतं, ते का हेही सांगावं लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वडीलधाऱ्यांसाठी सगळ्यात सोपा गेम कोणता हे शोधत बसू नका, त्यांना जी लढाई तोंडपाठ आहे ती सोप्या नियमांत कुठे मिळते ते शोधा, निम्मे नियम त्यांना आधीच येत असतात.

थोडी तयारी मात्र तुम्ही करायची. ६० पत्त्यांपैकी ४० साधे डावी-मधली-उजवीवाले आहेत आणि २० खास डावपेचांचे, ज्यावर इंग्रजी मजकूर जास्त. पहिल्या संध्याकाळी ते २० सरळ बाजूला काढून ठेवा, गेम मस्त चालतो. नंतर ते आणाल तेव्हा प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुढच्या बाजूला मराठीत दोन ओळींची चिठ्ठी सरकवा, मुलाला बसवा लिहायला, त्याचे नियमही पाठ होतील. एका बाजूचे सैनिक गडद हिरवे आणि दुसरे निळसर राखाडी, पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून एका बाजूच्या तळाला पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. पत्ते धरताना हात थरथरत असेल तर पत्ते उभे ठेवायची लाकडी पट्टी मिळते, सुताराकडून खाच मारून घेतलीत तरी चालेल. आणि रूलबुक मामांच्या हातात देऊ नका हं पहिल्या दिवशी. तुम्ही आणि मुलगा आधी एक डाव खेळून घ्या, प्रकाशकाच्या साइटवर नियमांची पीडीएफ फुकट आहे, खोका येण्याआधी वाचून होईल. गेम बाहेरून येतो, स्वस्त नाही, त्यामुळे आधी पीडीएफ वाचून मग पैसे टाकणं बरं.

बाजू बदलून दुसरा डाव खेळायचा आणि दोन्ही डावांची पदकं मिळून कोण जिंकलं ते ठरवायचं असंच रूलबुक सुचवतं. एवढं कराच, कारण पहिल्या डावात जर्मन बाजूला बसलेला मुलगा हरला तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

आजोबांच्या इटलीचं म्हणाल तर खोक्यात मुख्यतः नॉर्मंडी आणि त्यापुढचं फ्रान्स आहे. पण एकदा हात बसला की घरीच मांडणी करता येते, नदीचे तुकडे, टेकड्या, झाडी सगळं वेगळं सुटं मिळतं खोक्यातच. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर मराठा पलटणीचे नामदेव जाधव जखमींना उचलून पाण्यातून आणि सुरुंगांतून आले, मग परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर चढून पलटणीची रणगर्जना देत बाकीच्यांना पुढे बोलावलं, त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. नदी मध्ये, दोन्ही काठांना उंच बांध, पलीकडे जर्मन, एवढं मांडायला मामांना पुस्तक उघडावं लागणार नाही. खरं सांगायचं तर मला वाटतं मामा खेळण्यापेक्षा मांडणीतच जास्त रमतील, आणि चालेल की.

यानंतर काय असं विचाराल म्हणून, ‘अनडॉन्टेड: नॉर्मंडी’, २०१९ चा. प्रत्येक सैनिकाचा नावासकट पत्ता असतो, तो जखमी झाला की तुमच्या गड्डीतून एक पत्ता कायमचा जातो आणि पुढच्या खेपेला त्याची पाळी कमी वेळा येते, नुकसान असं हळूहळू जाणवतं. फक्त पत्ते सारखे पिसावे लागतात, बोटं दुखत असतील तर ते काम नातवाकडे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत, बाबा पुण्यात एकटे, वय ७०. लॅपटॉप वापरतात. त्यांना ‘एज ऑफ एम्पायर्स’ घेऊन देऊ का, त्यात भारताचा इतिहास पण आहे म्हणे? – एक मुलगा

उत्तर: आहे खरा, दुसऱ्या भागाला २०२२ साली भारतीय राजवटींची भर पडली, बाबराची मोहीम पण आहे. पण तो गेम घड्याळावर पळतो. तुम्ही शेती लावेपर्यंत तिकडून घोडदळ आलेलं असतं, एकाच वेळी माउस, कीबोर्ड आणि नकाशाचा कोपरा सांभाळायचा, बाबांना आधीपासून सवय असेल तरच. नसेल तर पाळीपाळीने चालणारा गेम घ्या, म्हणजे बाबांनी चाल केली, चहा करून आले, तरी शत्रू जागचा हलत नाही. दुसऱ्या महायुद्धाचा ‘ऑर्डर ऑफ बॅटल’ बघा, मूळ गेम फुकट आहे आणि त्यात बूट कॅम्प म्हणून शिकवणी आहे, ती दोघांनी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून एकत्र करा. आवडला तर पैसे देऊन पुढच्या मोहिमा घेता येतात, त्यात ब्रह्मदेशाची पण आहे, म्हणजे आपल्याकडचे सैनिक जिथे लढले ते. ‘पॅन्झर कॉर्प्स’ त्याच जातीचा, २०११ चा, जुन्या लॅपटॉपवर पण चालतो, आणि एकमेकांना चाली पाठवून खेळायची सोय आहे, तुम्ही ऑफिसला जाताना चाल टाकली तर बाबांना संध्याकाळी मिळते, वेळेच्या फरकाचा असा उपयोग क्वचितच होतो. अक्षरं मात्र बारीक असतात हो, लॅपटॉपला टीव्हीची एचडीएमआय वायर लावून द्या.

प्रश्न: घरात ‘रिस्क’ हा गेम पडून आहे, सासऱ्यांसाठी तोच चालेल ना? – एक काटकसरी सून, नाशिक

उत्तर: चालेल, पण त्याला इतिहास म्हणू नका. १९५७ साली एका फ्रेंच सिनेदिग्दर्शकाने, आल्बेर लामोरिसने काढलेला तो जग जिंकायचा गेम आहे, त्यात खरी लढाई एकही नाही. शिवाय जो आधी हरतो तो दीड तास नुसता बसून राहतो, आणि सासरेबुवा आधी हरले तर? तुमच्या खोक्यात कामगिरीची कार्डं असतील तर त्यांवर खेळा, लवकर संपतो.

प्रश्न: आत्या ७६ वर्षांच्या, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. रणगाडे, सैनिक नको म्हणतात, पण केनेडी-ख्रुश्चेव्ह विषय काढला की थांबत नाहीत. त्यांच्यासाठी काही? – एक भाचा, डोंबिवली

उत्तर: असे प्रश्न यावेत! ‘थर्टीन डेज’ घ्या, क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच, ऑक्टोबर १९६२, पाऊण तासात तीन फेऱ्या. एक जण अमेरिकेचा केनेडी, दुसरा सोव्हिएत रशियाचा ख्रुश्चेव्ह. मजा अशी की दबाव वाढवल्याशिवाय गुण नाहीत आणि जास्त वाढवला तर अणुयुद्ध होऊन तुम्हीच हरता, त्यामुळे समोरच्याला काय हवंय याचा अंदाज बांधत बसायचं. एकही रणगाडा नाही. आत्यांना तो महिना आठवत असणार, कारण तिकडे क्यूबा पेटलेला असतानाच २० ऑक्टोबरला इकडे चीनने हल्ला केला होता, त्या तेव्हा शाळेत असतील. खेळताना ते निघणारच, गेम पाऊण तासाचा असला तरी दीड तास धरून बसा.

लोक तुम्हाला ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ सांगतील, अख्खं शीतयुद्ध, भारत-पाक युद्धाचा पत्ता पण आहे त्यात, गेम म्हणून अप्रतिम. पण शंभरावर पत्ते, प्रत्येकावर मजकूर, आणि पुढे कुठला पत्ता येणार हे ज्याला माहीत तोच जिंकतो. आधी ‘थर्टीन डेज’ चार-पाच वेळा होऊ द्या, आत्या स्वतःहून म्हणाल्या की हे फार लवकर संपतं, तेव्हा तो काढा.