चांगले प्रॉम्प्ट लिहायला कसं शिकायचं? पैसे भरून कोर्स करावा का?

कोर्सचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. प्रॉम्प्ट म्हणजे चॅटजीपीटीसारख्या एआय चॅटबॉटला आपण लिहून देतो ती सूचना. मी आयटीवाला नाही. डोंबिवलीतल्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि माझं सगळं शिक्षण नोटिसा लिहिता लिहिता झालं.

पहिल्यांदा एवढंच लिहिलं होतं, 'टाकी सफाईची नोटीस लिहून दे.' उत्तर आलं, 'प्रिय रहिवासी, आपले आरोग्य ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे...' असे तीन परिच्छेद, आणि पाणी किती वाजता बंद याचा पत्ता नाही. असणार कुठून? मी सांगितलंच नव्हतं. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत ही यंत्रणा लिहिते. मोघम विचारलं की ती जगातल्या सगळ्या नोटिसांची खिचडी वाढते.

आता असं लिहितो: 'रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ टाकी धुणार. नळाला पाणी नाही. शनिवारी रात्रीच भरून ठेवावं. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे, लिफ्टची वाट बघत उभ्याने वाचणार. सहा ओळींत बसव. तारीख-वेळ पहिल्या ओळीत. प्राथमिकता, सुनिश्चित असले शब्द नकोत.' याखाली माझ्याच दोन जुन्या नोटिसा चिकटवतो. 'या धाटणीने लिही.'

सगळ्यात जास्त फरक पडला तो या नमुन्यांनी. यात माझं डोकं काही नाही. २०२० साली जीपीटी-३ या मॉडेलवरच्या (मॉडेल म्हणजे चॅटबॉटमागची, मजकुरावर शिकवलेली यंत्रणा) शोधनिबंधात ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या लोकांनी हेच दाखवलं होतं: मॉडेलला नव्याने न शिकवता, प्रॉम्प्टमध्येच दोन-चार उदाहरणं दिली तर ते पुष्कळ कामं त्या वळणाने करतं. 'सोप्या, घरगुती मराठीत लिही' असं दहादा सांगून जे होत नाही, ते दोन नोटिसांनी होतं.

'टप्प्याटप्प्याने विचार कर' हा मंत्र तुम्ही ऐकला असेलच. २०२२ च्या सुमाराच्या मॉडेल्सना गणितात त्याचा खरंच फायदा व्हायचा. नवी बरीचशी मॉडेल्स ते आपणहून करतात. 'तू जगातला सर्वश्रेष्ठ लेखक आहेस' वगैरे हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याचा मला तरी उपयोग झालेला नाही.

एकदा मात्र फजिती होता होता वाचली. थकबाकीच्या पत्रात चॅटबॉटने उपविधीचा, म्हणजे सोसायटीच्या नियमाचा, क्रमांक ठोकून दिला, तोही इतक्या आत्मविश्वासाने की मी सही करणार होतो. पुस्तिका उघडली तर त्या क्रमांकाखाली भलताच विषय. तेव्हापासून उपविधीचा मजकूर मीच चिकटवतो आणि लिहितो, 'फक्त यातूनच उत्तर दे, यात नसेल तर नाही म्हण.' तरीही पुस्तिकेशी ताडून बघतोच. व्याजाचा हिशोब एक्सेलमध्ये. आणि थकबाकीदाराचं नाव, फ्लॅट नंबर कधीच टाकत नाही, 'सदस्य अ' म्हणतो.

सरावाचं म्हणाल तर रोज करावंच लागतं असं एखादंच काम धरा. उत्तर फसलं की 'नीट लिही' म्हणू नका, कुठे फसलं ते सांगा: 'तिसरी ओळ काढ, वेळ वर घे.' गप्पा लांबून गोंधळ झाला तर सरळ नवीन चॅट उघडा. जमलेला प्रॉम्प्ट वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये जपून ठेवा. माझ्याकडे असे बारा-तेरा आहेत, त्यातले चारच खरे कामाचे.

पाठवण्याआधी एक चाचणी घेतो. प्रॉम्प्ट बायकोला वाचून दाखवतो आणि विचारतो, एवढ्यावरून तुला नोटीस लिहिता येईल का? टाकीच्या वेळी तिने विचारलं, "गच्चीवरची की खालची?" दोन्ही धुवायच्या होत्या, आणि मी लिहिलंच नव्हतं.