धंद्याचं बोला: सॉफ्टवेअरचं काम घेताय? मग आधी पैशाचं बोला

या महिन्यात निम्मी पत्रं सॉफ्टवेअरवाल्या पोरापोरींचीच आहेत. नावं छापत नाही, ठिकाण तेवढं देते.

प्रश्न (भांडुप): ताई, आम्ही तिघं मित्र, वय 23, इंजिनिअरिंग आत्ताच संपलंय. दुकानदारांना आणि छोट्या कंपन्यांना वेबसाइट, ॲप करून द्यायचा विचार आहे. सीए म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड काढा, इम्प्रेशन पडतं. पप्पा म्हणतात आधी नोकरी कर. कुणाचं ऐकू?

उत्तर: पप्पांचं तू बघ, त्यात मी पडत नाही. पण प्रायव्हेट लिमिटेडची एवढी घाई कशाला? वर्षभरात एक रुपयाचं बिल फाडलं नाही तरी ऑडिट करावंच लागतं, आरओसीची (कंपन्यांची नोंदणी बघणारं सरकारी ऑफिस) रिटर्न्स भरावीच लागतात, आणि बंद करायला गेलात की तो वेगळाच वनवास. एलएलपी (म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली तर ऑडिट लागतं ते उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेलं तरच, पण तिथेही वार्षिक माहितीचा फॉर्म 11 हा 30 मेपर्यंत आणि हिशोबाचा फॉर्म 8 हा 30 ऑक्टोबरपर्यंत गेलाच पाहिजे, धंदा शून्य असला तरी, नाहीतर उशीर वाढेल तशी लेट फी चढत जाते. साकीनाक्याच्या वर्कशॉपवाल्याला तुमच्या नावापुढे प्रा. लि. आहे का नाही याचं काही पडलेलं नसतं, त्याला त्याचं काम वेळेत हवं. बँका, इन्शुरन्सवाले वेंडर म्हणून घेताना बघतात, पण ते पहिल्या वर्षी तुम्हाला दारात उभं करणार नाहीत. गुंतवणूकदार आला की काढा कंपनी.

त्यापेक्षा तिघांत मिळून एक कागद करा, तो जास्त महत्त्वाचा. क्लायंट कोण आणणार, कोड कोण लिहिणार, महिन्याला कोण किती उचलणार, आणि एक जण मधेच एमएस करायला गेला (तिघांतला एक जातोच) तर त्याचा हिस्सा काय. नुसत्या तोंडी भागीदारीत 1932 चा कायदा नफा सरळ समान वाटतो, म्हणजे रात्र रात्र जागणारा आणि फक्त ग्रुपवर थम्स अप टाकणारा दोघांना सारखेच पैसे. वर कर्ज झालं तर ते तिघांच्याही खिशापर्यंत येतं.

प्रश्न (डोंबिवली): मस्जिद बंदरच्या एका होलसेल व्यापाऱ्याचं स्टॉक आणि उधारीचं सॉफ्टवेअर 1,20,000 रुपयांत ठरलं. 20,000 ॲडव्हान्स मिळाले. तीन महिन्यांचं काम होतं, सहावा महिना चालू आहे. रोज काहीतरी नवीन सांगतात, "एक छोटासा बदल आहे" असं म्हणून रात्री अकराला व्हॉइस नोट येते. बाकीचे पैसे मागितले की "काम पूर्ण होऊ दे ना, पळून जातोय का मी?" माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, जीएसटी नाही. काय करू?

उत्तर: सेठ पळून जात नाहीये हे खरंच आहे, तो गादीवरच बसलाय, पळायची वेळ तुझ्यावर आलीय. तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आता सगळ्यात आधी नवीन कोड लिहिणं थांबव. भांडू नको, फोन बंद करू नको, फक्त शांत बसून दोन याद्या कर. पहिलीत सुरुवातीला जे ठरलं होतं ते, प्रत्येकासमोर झालं का बाकी. दुसरीत नंतर सांगितलेलं सगळं, तारखेसकट, व्हॉइस नोट ऐकून ऐकून लिहून काढ, कंटाळा येईल पण काढ. मग दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे पैसे लिही. काही ठिकाणी मुद्दाम शून्य लिही, म्हणजे आपण सोडलेलं पण त्याला दिसतं. ही यादी ईमेलने पाठव आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर, बाजार जरा थंड असतो तेव्हा, प्रिंट घेऊन स्वतः जा. मुनीमजींशी बोलून उपयोग नाही, सही सेठची लागते.

तुमचं मूळ ठरलं होतं ते कसं लिहिलं होतं हे तू सांगितलं नाहीस, पण बहुतेक "स्टॉक, उधारी, रिपोर्ट" असं काहीतरी असणार. रिपोर्ट म्हणजे किती रिपोर्ट? तुझ्या डोक्यात दोन, सेठच्या डोक्यात टॅलीत दिसतात तेवढे सगळे. पुढच्या कामाला असं लिही: "पार्टीवार येणे बाकीचा एक रिपोर्ट, तारखेप्रमाणे, एक्सेलमध्ये निघेल, दोन वेळा दुरुस्ती फुकट, तिसऱ्यापासून तासाला इतके." ही एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात आणि ती नसली की असे तीन महिने जातात. पैसेही तुकड्यात ठेव, सुरुवातीला 40 टक्के, अर्धं काम दाखवलं की 30, आणि उरलेले 30 चालू करून द्यायच्या आधी, नंतर नाही. तोपर्यंत सॉफ्टवेअर तुझ्या सर्व्हरवर टेस्टिंगला वापरू दे. पण आता चालू असलेलं सॉफ्टवेअर पैशासाठी रात्रीत बंद करायचा विचार मनात असेल तर काढून टाक, आतला डेटा त्याचा आहे, आणि ते केलंस तर उद्या नोटीस तुला येईल आणि त्या बाजारात परत कुणी काम देणार नाही, तिथे बातमी चहाच्या आधी पोचते.

तुझी बाजू वाटते तेवढी कच्ची नाहीये बरं का. एक म्हणजे कोड. तू त्याचा नोकर नाहीस, बाहेरून काम करून देतोस, तेव्हा 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साधारणपणे कोडचा मालक तूच, जोवर सही करून लिहून देत नाहीस तोवर. लिहून देशील तेव्हा "पूर्ण पैसे मिळाल्यावर" हे शब्द त्यात टाक. दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी, ही केलीस ते फार बरं केलंस. (बाकीच्यांनी पण करा, फुकट होते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका, आणि काम घ्यायच्या आधी करा, बिल अडकल्यावर नाही.) सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यायचं असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते, पण तो लांबचा रस्ता आहे.

जवळचा रस्ता सेठच्या सीएच्या ऑफिसातून जातो. 2023 च्या बजेटमध्ये नियम आला की अशा उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरायचा. व्यापाऱ्याला व्याजाची भीती नसते, टॅक्सची असते. म्हणून झालेल्या कामाचं रीतसर बिल कर, नंबर-तारीख घाल, उद्यम नंबर ठळक टाक आणि ईमेलला त्याच्या सीएला कॉपीत ठेव. मार्च जवळ आला की सीएच सेठला फोन करतो, तुला करावा लागत नाही.

एवढं करून तो घासाघीस करेलच, दहा-पंधरा हजार सोडावे लागले तर सोड आणि मोकळा हो. पुढचा बदल मात्र ॲडव्हान्सशिवाय नाही.

प्रश्न (विरार): मी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत चार वर्षं आहे. शनिवार-रविवारी स्वतःची कामं घ्यायला सुरुवात करू का? का सरळ राजीनामा देऊ? घरी होम लोन आहे.

उत्तर: होम लोन असताना सरळ राजीनामा? नको गं. पण आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, बहुतेक ठिकाणी नोकरीत असताना बाहेरचं काम करायला लेखी परवानगी लागते असं लिहिलेलं असतं, आणि तू तिथे असताना केलेलं सगळं कंपनीचं असंही कधीकधी असतं. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल, कंपनीच्या टूलची लायसन्स यातल्या कशालाही स्वतःच्या कामासाठी हात लावायचा नाही. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं हाच धंदा करायचा नाही असं कलम असेल तर त्याला फार घाबरू नकोस, 1872 च्या कराराच्या कायद्यातल्या कलम 27 मुळे ते सहसा टिकत नाही. कंपनीचा डेटा, क्लायंटची गुपितं ही बंधनं मात्र नंतरही राहतात.

इन्फोसिसची गोष्ट तुला सगळे सांगतील, 1981, पुणे, पाटणी कॉम्प्युटर्स या कंपनीतून बाहेर पडलेली माणसं आणि सुधा मूर्तींनी दिलेले 10,000 रुपये. त्यांचा स्वतःचा पहिला कॉम्प्युटर यायला 1983 उजाडलं आणि त्या काळात सुधाताई स्वतः नोकरी करत होत्या हे मात्र सांगायचं राहून जातं. तेव्हा घरात दुसरा पगार आहे का ते बघ. नसेल तर लोनचे सहा-आठ हप्ते बाजूला पडल्याशिवाय हलू नको, कारण क्लायंट हो म्हणाला आणि पैसे खात्यात आले यात पहिल्या वर्षी सहज दोन-तीन महिने जातात.

प्रश्न (लालबाग): जीएसटी नंबर घ्यायचा का? एक क्लायंट दुबईचा आहे.

उत्तर: सेवेचा धंदा वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही. पण मोठा क्लायंट नंबर मागतो. घेतलात तर हिशोब असा, 1,00,000 च्या कामावर 18 टक्के, बिल 1,18,000 चं. समोरच्याने प्रोफेशनल फी धरून 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा इन्कम टॅक्स) कापला तर तो 1,00,000 वर कापायचा, 1,18,000 वर नाही, म्हणजे खात्यात येणार 1,08,000. त्यातले 18,000 सरकारचे. खरे हातात 90,000, आणि कापलेले 10,000 तुमच्या टॅक्समध्ये वळते होतात किंवा रिफंड येतो. नवी पोरं 1,08,000 बघून मोबाइल घेतात. क्लायंटने पैसे दिले नसले तरी बिल फाडलं की जीएसटी भरायची वेळ येते, म्हणून पैसे यायचे असतील तेव्हा आधी प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल पाठवा, टॅक्स इनव्हॉइस म्हणजे पक्कं बिल नंतर. ॲडव्हान्स घेतला तर त्यावरही जीएसटी लागतो हे विसरू नका.

दुबईचं काम एक्सपोर्टमध्ये बसलं तर नंबर असणाऱ्याने एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरली की जीएसटी न लावता बिल करता येतं. एलयूटी एका आर्थिक वर्षापुरतीच असते, 1 एप्रिलला नवी भरायला विसरू नका. पैसे परकीय चलनात बँकेतूनच आणा आणि प्रत्येक वेळी बँकेकडून इनवर्ड रेमिटन्सचं, म्हणजे पैसे परदेशातून आल्याचं पत्र मागून घ्या, दुबईतला ओळखीचा माणूस रोख द्यायला तयार असला तरी.

प्रश्न (कांदिवली): ऑफिस अंधेरीला घेऊ का घोडबंदरला?

उत्तर: कुठेच नको. घरच्या पत्त्यावर जीएसटी होतो, लाइट बिल आणि घर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं एनओसी लागतं. सोसायटीला आधी सांगून ठेवा, दारावर बोर्ड लावू नका. क्लायंटला भेटायचं तर त्याच्याच ऑफिसला जा. पहिला माणूस पगारावर ठेवाल तेव्हा बघू, तेव्हा त्याच्या पगारातून कापायच्या प्रोफेशन टॅक्सचाही नंबर लागेल, तुमचा स्वतःचा वर्षाला 2,500 रुपयांचा मात्र वेगळा, तो धंदा सुरू केल्यापासूनच.