‘१४ आठवडे नंबर वन’ म्हणजे नेमकं काय मोजलेलं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: बेळगावातल्या लग्नाच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्राचा निवेदक व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ सुरू होण्याआधी सांगतो, की हे गाणं अमेरिकेत १४ आठवडे नंबर वन होतं. हे आठवडे मोजतात कसे आणि आपलं ‘याड लागलं’ त्या हिशेबात कुठे बसेल?

निवेदक बरोबर सांगतो. बिलबोर्ड हे अमेरिकेतलं संगीताचं नियतकालिक, आणि ‘हॉट १००’ ही त्याची दर आठवड्याची शंभर गाण्यांची यादी. २८ नोव्हेंबर १९९२ च्या यादीत ते गाणं पहिलं आलं आणि फेब्रुवारी १९९३ संपेपर्यंत हललं नाही. पण बऱ्याच जणांना वाटतं तशी ही नुसती विक्रीची यादी नाही. त्या काळी दोन गोष्टींची बेरीज व्हायची. एक, त्या गाण्याची सुटी कॅसेट किंवा सीडी, म्हणजे ‘सिंगल’, दुकानातून किती खपली. दुसरी, रेडिओवर ते किती वेळा लागलं आणि त्या वेळी ऐकणारे किती होते. व्हिटनीचं गाणं दोन्हीकडे जोरात होतं. खपाचं म्हणाल, तर जानेवारी १९९३ मध्येच त्याला अमेरिकेत चौपट प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळालं. एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती.

आता या आकड्यामागची खरी गोम. १९९१ च्या नोव्हेंबरपर्यंत दुकानदार बिलबोर्डला कळवायचे, की या आठवड्यात अमुक रेकॉर्ड चांगली चालली, आणि रेडिओ केंद्रं आपापल्या याद्या पाठवायची. म्हणजे सगळा कारभार सांगण्यावर. शेल्फवर नवा माल आला की जुन्याचं नाव आपोआप खाली जायचं, मग तो खपत असला तरी. ३० नोव्हेंबर १९९१ च्या यादीपासून दुकानातल्या बारकोडवरून खरी विक्री आणि यंत्रानं टिपलेलं रेडिओवरचं प्रसारण धरायला लागले. त्यानंतर काय झालं बघा. त्याआधी हॉट १०० वर पहिल्या जागी टिकण्याचा विक्रम १० आठवड्यांचा होता, डेबी बूनच्या १९७७ च्या ‘यू लाइट अप माय लाइफ’चा, १९८१ मध्ये ‘फिजिकल’नं त्याच्याशी बरोबरी केली. मोजणी बदलल्यावर वर्षाच्या आत बॉइज टू मेनचं ‘एंड ऑफ द रोड’ १३ आठवडे टिकलं, लगेच व्हिटनीचं १४, आणि १९९५-९६ मध्ये मरायह केरी आणि बॉइज टू मेन यांचं ‘वन स्वीट डे’ १६. संथ, गळ्यावर चालणारी गाणी लोक महिनोन्‌महिने ऐकत असतात, हे पूर्वी यादीत दिसतच नव्हतं. बारकोड आल्यावर दिसलं. म्हणून १९९१ च्या आधीचे आणि नंतरचे आठवडे शेजारी ठेवून तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मोजणीचे नियम गाण्याचा आकडा कसा फिरवतात याचं सगळ्यात ठळक उदाहरण सेलीन डियॉनच्या ‘माय हार्ट विल गो ऑन’चं. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या रेडिओ यादीत १० आठवडे पहिलं होतं, पण हॉट १०० वर पहिल्या जागी फक्त २ आठवडे. कारण कंपनीनं सिंगलच्या प्रती मोजक्याच, सात लाखांच्या आत काढल्या. त्या संपल्या की ग्राहकानं महागडा पूर्ण अल्बम घ्यावा, हा हेतू. त्याच वर्षी गू गू डॉल्सचं ‘आयरिस’ रेडिओवर १८ आठवडे पहिलं होतं, पण सिंगलच न काढल्यामुळं हॉट १०० मध्ये त्याचं नावसुद्धा नाही. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलून सिंगल नसलेली गाणीही धरायला लागले आणि मग ते यादीत आलं, तोवर भर ओसरला होता. नवव्या जागेच्या वर गेलं नाही.

आणखी एक प्रकार तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट जुळतो. १९९० मध्ये ‘घोस्ट’ सिनेमामुळं राइचस ब्रदर्सचं १९६५ चं ‘अनचेन्ड मेलडी’ पुन्हा गाजलं. रेडिओवाले जुनंच ध्वनिमुद्रण लावत होते, पण त्याचं सिंगल दुकानात सहज मिळत नव्हतं. दुकानात मिळायचं ते त्यांनी नव्यानं गायलेलं. एकाला प्रसारणाचे गुण, दुसऱ्याला विक्रीचे. दोन्ही यादीत वेगवेगळी चढली, जुनं १३ व्या जागेपर्यंत आणि नवं १९ व्या. एकत्र धरलं असतं तर बरंच वर गेलं असतं.

‘याड लागलं’ची गत तशीच आहे, उलट जास्त वाटण्यांची. अजय-अतुलची ही चाल २०१६ च्या ‘सैराट’मधली. ‘सैराट’ची गाणी २०१७ मध्ये ‘मनसु मल्लिगे’तून कन्नडमध्ये गेली, आणि २०१८ च्या ‘धडक’मध्ये ‘याड लागलं’च्याच चालीवर ‘पहली बार’ झालं. निपाणी-खानापूरकडं मराठी लागतं, बेळगावच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंचे पाहुणे असले की मराठी-कन्नड दोन्ही. कोणत्याही यादीत ही वेगवेगळी गाणीच धरली जाणार. त्यात भर म्हणजे डीजेच्या पेनड्राइव्हवरून, बँडवर, ऑर्केस्ट्रात जे वाजतं ते कुठल्याच यादीत मोजलं जात नाही. आपल्या भागात प्रेमगीताचं खरं आयुष्य तिथंच असतं की.

हॉट १०० मध्ये ते बसणार नाही, कारण ती फक्त अमेरिकेतल्या ऐकण्याची यादी आहे. शिवाय तिथं आता स्ट्रीमिंगही धरतात, आणि त्यात पैसे भरून ऐकणाऱ्याचं ऐकणं जाहिराती ऐकून फुकट ऐकणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचं धरायचा नियम २०१८ पासून आला. आपल्याकडं बहुतेक जण फुकटच ऐकतात, तेव्हा नुसत्या ‘व्ह्यूज’वरून तिकडच्या यादीशी ताळा घालू नका. तुम्हाला पाहायचंच असेल, तर यूट्यूबच्या चार्ट्सच्या पानावर भारत निवडा, साप्ताहिक यादी उघडा आणि गाणं किती आठवडे यादीत आहे ते बघा. एकूण व्ह्यूज दरवर्षी वाढतच जातात, त्यातून कुठल्या आठवड्यात किती जोर होता ते कळत नाही. शिवाय व्हिडिओ, शब्दांसह व्हिडिओ, ज्यूकबॉक्स (सिनेमातली सगळी गाणी एकत्र) अशी एकाच गाण्याची वेगवेगळी अपलोड असतात. एकाचाच आकडा धरून दोन गाण्यांची तुलना केली की हमखास चुकतं.

जुन्या माणसांना पटवायचं असेल तर ‘बिनाका गीतमाला’ आठवून द्या. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा तो कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ ला सुरू झाला. ब्रिटनची पहिली विक्री-यादी त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १४ नोव्हेंबरला छापली गेली, तीही वीसेक दुकानांना फोन करून. गीतमालेतही पुढं दुकानांतला खप आणि श्रोता संघांची पत्रं मिळून पायदान, म्हणजे गाण्याचा क्रमांक, ठरायचं. म्हणजे दोन प्रकारची मापं एकत्र करायची पद्धत आपल्याकडंही होतीच.

निवेदकाला मात्र एक गोष्ट जरूर जोडायला सांगा. हे गाणं लिहिलं आणि आधी गायलं डॉली पार्टननं. तिनं ते १९७४ मध्ये आणि पुन्हा गाऊन १९८२ मध्ये, दोन्ही वेळा कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या, वेगळ्या यादीत पहिल्या जागेवर नेलं होतं. १९८२ ला हॉट १०० मध्ये मात्र ते ५३ व्या जागेवर थांबलं. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये व्हिटनी गेली तेव्हा लोकांनी तिचं गाणं इतकं विकत घेऊन डाउनलोड केलं, की वीस वर्षं जुनं गाणं पुन्हा यादीत येऊन तिसऱ्या जागेपर्यंत गेलं.